सदर इसम निवृत्त आहे

मराठी माणसाला दुसऱ्याचं सुख मोजायला आवडतं आणि ते मोजण्याचं त्याचं ठरलेलं माप म्हणजे लाडू. ज्याचं बरं चाललंय त्याच्या दोन्ही हातांत लाडू असतात. आपल्या हातातला लाडू मात्र नेहमी रव्याचा आणि फुटका. हल्ली हे लाडू ज्यांच्या हातांत सगळ्यांना दिसतात ती मंडळी म्हणजे पेन्शन घेऊन पुन्हा नोकरीला लागलेली. त्यातही लष्कर, पोलीस आणि अग्निशमन दल या खात्यांतून आलेली. म्हणजे आपण गाढ झोपावं म्हणून जे उभी नोकरी जागे राहिले, ते लोक. त्यांचा विषय निघाला की आपला आवाज थोडा खाली येतो आणि वाक्य ठरलेलं असतं : "त्याचं काय बाबा! पेन्शनही चालू, पगारही चालू!"

हे वाक्य मी दिवसातून सरासरी दोनदा ऐकतो, कारण मी बँकेत कारकून आहे. बी.कॉम. झालो, परीक्षा दिली आणि गेली वीस वर्षं लोकांचे पैसे लोकांनाच परत देतो आहे. आमच्या धंद्यात श्रीमंती नाही, पण ज्ञान फार. माणसाच्या हातात किती लाडू आले हे जगाला दिसतं. त्यातले महिन्याच्या दहा तारखेला किती उरले, हे फक्त पासबुकात छापलेलं असतं. आणि पासबुक छापून देणारा मी.

'निवृत्ती' हा शब्द मुळात संतांचा. संसारातून मन काढून घेणं म्हणजे निवृत्ती. सरकारने हा शब्द उचलला आणि माणसाखालची खुर्ची तेवढी काढून घेतली. संसार जिथल्या तिथे ठेवला. त्यातून लष्कराचा हिशेब आणखी निराळा. पंधरा वर्षांची सेवा झाली की जवान पेन्शनला पात्र होतो. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी गेलेला पोरगा सतरा वर्षं काढून घरी येतो तेव्हा छत्तीस वर्षांचा असतो. छत्तीस! त्या वयात आमच्या बँकेत माणूस 'मला प्रमोशन नको, बदली होते' असा अर्ज लिहायला शिकत असतो. मोठी मुलगी चौथीत, धाकटा बालवाडीत, आणि बाप निवृत्त. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात 'सेवानिवृत्त' लिहिलं की बाई वर बघतात आणि विचारतात, "हे आजोबांचं झालं. वडिलांचं सांगा."

आमच्या शाखेच्या दारात बारा बोअरची दुनळी घेऊन उभे असतात ते असेच छत्तिसाव्या वर्षी आजोबा झालेले. त्यांना आम्ही 'मेजर' म्हणतो. ते मेजर नाहीत. नाईक म्हणून बाहेर पडले. पण साताऱ्याकडे लष्करातून आलेल्या कुणालाही मेजर म्हणायची पद्धत आहे. सरकार बढती देताना जी काटकसर करतं ती गाव भरून काढतं. मेजरांचं गाव अपशिंग्याच्या शेजारचं. अपशिंगे मिलिटरी! नावातच मिलिटरी असलेलं गाव. त्या भागात पोराला 'शिकून काय होणार?' असं विचारत नाहीत, 'भरती कधी आहे?' असं विचारतात.

मेजर बँकेत लागले त्याला कायद्याचा आधार आहे. सरकारी बँकांत चतुर्थ श्रेणीच्या जागांत साडेचोवीस टक्के आणि कारकुनाच्या जागांत साडेचौदा टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव असतात. ही काही मेहेरबानी नाही. ज्याला तुम्हीच ऐन उमेदीत घरी पाठवलंत, त्याला दुसरं दार दाखवणं आलंच. शिवाय १९८३ साली केंद्र सरकारने एक शहाणपणाचा आदेश काढला : अधिकारी दर्जाच्या खालचा जवान पंचावन्नच्या आत निवृत्त होऊन पुन्हा सरकारी नोकरीत आला, तर त्याचा नवा पगार ठरवताना त्याचं पेन्शन हिशेबात धरायचंच नाही. जुन्या नोकरीचं जुन्याला, नव्या नोकरीचं नव्याला. सरकारी आदेश असून दोन वाचनांत समजतो, म्हणून मी तो पाठ करून ठेवला आहे. पुढे उपयोग होणार आहे. तो कसा, ते सांगतोच.

पेन्शन म्हणजे फुकटचा पैसा असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा नोव्हेंबर महिन्यात आमच्या शाखेत यावं. नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्याचा महिना. आपण जिवंत आहोत हे पेन्शनराला दरवर्षी सिद्ध करावं लागतं. आणि कुणाकुणाला त्याच्याच जोडीला आणखी एक दाखला भरावा लागतो : आपण कुठे नोकरी करत नाही, किंवा करत असलो तर कुठे. म्हणजे सरकारला या माणसाबद्दल दोनच संशय. एक, हा मेला असावा. दोन, हा काम करत असावा. पहिला खरा निघाला तर पेन्शन बंद, आणि दुसरा खरा निघाला तर चौकशी सुरू!

मेजरांची यात फार पंचाईत होते. वर्षाचे बाकीचे अकरा महिने ते दारात उभे असतात. मॅनेजर त्यांना रोज 'गुड मॉर्निंग' म्हणतात. मयताला कुणी गुड मॉर्निंग म्हणत नाही. पण नोव्हेंबर उजाडला की मेजरांनी बंदूक जमा करायची, टोकन घ्यायचं आणि यंत्रावर अंगठा ठेवायचा. हे अंगठ्याचं प्रकरण २०१४ साली सुरू झालं, त्याचं नाव 'जीवन प्रमाण'. गेल्या खेपेला यंत्राने मेजरांचा अंगठा चार वेळा नाकारला. शेतीच्या आणि बंदुकीच्या कामाने अंगठ्यावरच्या रेघा पुसल्या होत्या. यंत्राच्या मते समोर कुणीच नव्हतं. मेजर सावधानमध्ये उभे राहून म्हणाले, "साहेब, सियाचीनमध्ये असतो तर समजलो असतो. इथं एसी चालू आहे." पाचव्या वेळेला यंत्राला दया आली. मेजर जिवंत झाले आणि पुन्हा बंदूक घेऊन दारात उभे राहिले.

दुसरे तात्या. अग्निशमन दलात आयुष्य काढलं आणि आता एका कंपनीतर्फे शाखेतली लाल नळकांडी तपासायला येतात. तात्यांना लग्नाला बोलावलं तर ते आधी हॉलचं मागचं दार शोधतात आणि मग वधूवरांना. पंगतीत त्या दाराजवळचंच पान धरतात. एकदा आमच्या रेकॉर्ड रूममध्ये नुसतं नाक वर करून म्हणाले, "ती तिसरी वायर बदला." सगळे हसले. वायरमनने पट्टी उघडली तेव्हा आतलं प्लॅस्टिक वितळून चॉकलेट झालं होतं. रेकॉर्ड रूम वाचली. जुन्या व्हाउचरांसकट वाचली, याचं काही जणांना वाईटही वाटलं, पण तो विषय वेगळा. मुद्दा असा, की तात्यांचं पेन्शन सरकारी हिशेबात अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू झालं; त्यांचं नाक मात्र अजून निवृत्त झालेलं नाही.

आता तिसरे. हवालदारकाका. हे आमच्या सोसायटीच्या फाटकावर दिवसपाळीला असतात. पोलिसांत तेहेतीस वर्षं झाली. गणपतीत रजा नाही, दिवाळीत रजा नाही, निवडणुकीत तर घरही नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी सत्कार झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाच वाजता नेहमीसारखी जाग आली. काकू म्हणाल्या, "आता झोपा की!" पण तेहेतीस वर्षांत न शिकलेली गोष्ट एका सकाळी कशी येणार? महिनाभर त्यांनी घरातच बंदोबस्त केला. दूधवाल्याला दोनदा थांबवून नाव-गाव विचारलं. शेवटी काकूंनीच त्यांना एजन्सीच्या ऑफिसात नेऊन बसवलं. २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सीच्या कायद्यातही सैन्यातून आणि पोलिसांतून आलेल्यांना प्राधान्य देता येईल असं लिहिलेलं आहे, त्यामुळे एजन्सीवाल्यालाही आनंद झाला.

हवालदारकाकांची फाटकावरची वही वाचण्यासारखी असते. इतर सोसायट्यांत वॉचमन 'आले, गेले' लिहितात. आमच्या वहीत पंचनामा असतो. माझा मेव्हणा परवा न कळवता आला. वहीत नोंद : "१७.४० वा. एक इसम, अंगात चौकडीचा सदरा, हातात आंब्याची पेटी, बी विंगकडे जाताना मिळून आला. सदर इसमास विचारणा केली असता खजिनदारांचा नातेवाईक असल्याचे सांगतो. चेहऱ्यात साम्य नाही. आंबे पाहून सोडले." माझ्या बायकोने ही नोंद वाचली आणि 'साम्य नाही' या शब्दांवर ती आठ दिवस खूश होती.

याच काकांवरून आमच्या सोसायटीत सभा झाली.

आमच्या सोसायटीत ४८ फ्लॅट आहेत आणि खजिनदार मी आहे. बँकेत नोकरी करणाऱ्याला सोसायटीत खजिनदार करायचं, हा नियमच आहे. डॉक्टरला लग्नाच्या मांडवातही लोक जीभ काढून दाखवतात, त्यातलाच प्रकार. तर सभेपुढे विषय होता सुरक्षेच्या कंत्राटाचा. सेक्रेटरींनी चष्मा पुसला आणि सांगितलं, की एजन्सी दिवसपाळीच्या माणसाचे महिन्याला २००० रुपये कमी करायला तयार आहे. एजन्सीचं म्हणणं, माणसाला पेन्शन आहे, तो कमी पैशातही राहील.

सभा प्रसन्न झाली. "बरोबरच आहे," तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, "दोन्ही हातांत लाडू आहेत त्यांच्या. एक थोडा लहान झाला तर काय बिघडलं?"

अध्यक्षांनीही मान डोलावली. आमचे अध्यक्ष मोठ्या सरकारी पदावरून निवृत्त झालेले आहेत आणि सध्या कुठल्याशा समितीवर सल्लागार आहेत. पेन्शन चालू, मानधन चालू, न्यायला-आणायला गाडी चालू. इथे मला मराठी भाषेच्या समृद्धीचं कौतुक वाटतं. मोठा अधिकारी निवृत्तीनंतर पुन्हा कामावर आला की त्याला 'विशेष कार्य अधिकारी' म्हणतात, 'अनुभवाचा लाभ' म्हणतात, 'मार्गदर्शन' म्हणतात. हवालदार आला की त्याला 'डबल पगार' म्हणतात. काम वेगळं असेल, पण लाडू त्याच पिठाचे आहेत की!

मी खजिनदार असल्यामुळे मला बोलावं लागलं. मी आधी लाडवाचं वजन सांगितलं. कुणाचं नाव न घेता, नियम म्हणून. पेन्शन म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं. त्यातलंही चाळीस टक्क्यांपर्यंत विकून एकरकमी पैसे घेता येतात. सरकारी मराठीत याला 'अंशराशीकरण' म्हणतात. शब्द उच्चारेपर्यंत पैसे संपतात. मुलीचं लग्न किंवा डोक्यावरचं छप्पर यासाठी बहुतेक जण ते करतात, आणि विकलेला भाग परत सुरू व्हायला पंधरा वर्षं जावी लागतात. म्हणजे शंभर रुपये मूळ पगार असेल तर पन्नासचे तीस झाले. वर महागाईची वाढ मिळते ती धरा. पण महागाईसुद्धा वाढतेच, ती काही पेन्शनर म्हणून सवलत देत नाही. तेव्हा लाडू दोन असले तरी त्यातला एक आधीच कुणी तरी अर्धा खाऊन ठेवलेला असतो.

"पण सरकार देतंच आहे ना काही तरी?" सेक्रेटरी म्हणाले.

"देत नाही," मी म्हणालो, "फेडतं आहे." आणि नकारा साहेबांची गोष्ट सांगितली. डी. एस. नकारा हे संरक्षण खात्यात वित्तीय सल्लागार होते, १९७२ साली निवृत्त झाले. पेन्शनच्या सुधारित हिशेबात आधी निवृत्त झालेल्यांना वगळलं म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले. १७ डिसेंबर १९८२ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा, की पेन्शन ही मालकाने खुशीत येऊन दिलेली बक्षिसी नव्हे. ती केलेल्या सेवेपोटी मिळालेला हक्क आहे. पेन्शनर मंडळी तो दिवस 'पेन्शनर दिन' म्हणून पाळतात. आता एवढं मोठं पीठ बसून जे ठरवून गेलं, ते बी विंगच्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून आपण फिरवायचं का?

पार्किंगमध्ये थोडी शांतता पसरली. मग मी हुकमाचा पत्ता टाकला. "काकांनी तेहेतीस वर्षं जे काम केलं त्याचे पैसे सरकार देतंय. आपल्या फाटकावर जे काम करतात त्याचे पैसे आपण द्यायचे. त्यांचं पेन्शन बघून आपण २००० रुपये कापले, तर ते पेन्शन काकांना मिळालं नाही. ते आपल्याला मिळालं. ४८ फ्लॅटांत वाटलं तर प्रत्येकी ४१ रुपये ६७ पैसे. महिन्याला दोन वडापाव! एका हवालदाराच्या पेन्शनवर ४८ कुटुंबं वडापाव खाणार, हे सभेच्या इतिवृत्तात कोणत्या शब्दांत लिहू, तेवढं सांगा." आणि जाता जाता १९८३ चा तो केंद्राचा आदेशही ऐकवला.

तरीही आणखी एक बाजू होती आणि ती खरी होती. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "सगळं ठीक आहे हो, पण तरण्या पोरांचं काय? ती बेकार आणि हे साठीचे फाटकावर. जागा अडवली म्हणायची की नाही?" यावर मी गप्प बसलो, कारण रात्रपाळीचा पोरगा मागे भिंतीला टेकून उभा होता. मराठवाड्यातला पदवीधर पोरगा. रात्री फाटकावर, पहाटे मैदानावर. पोलीस भरतीची तयारी करतो आहे. सोळाशे मीटर पळायचं असतं, गोळा फेकायचा असतो. त्याची वेळ घड्याळ लावून मोजतात ते हवालदारकाका. पाळी संपल्यावर नव्हे. पाळी सुरू होण्याआधी, पहाटे साडेपाचला, बिनपगारी.

तेवढ्यात अध्यक्षांना लोकशाही आठवली. ते म्हणाले, "खुद्द हवालदारांनाच विचारू या. काय हो, तुमचं काय म्हणणं?"

काका पुढे आले. टोपी काखेत. म्हणाले, "साहेब, दोन हजार कमी केलेत तर मी उपाशी मरणार नाही. खोटं कशाला बोलू? फक्त एक सांगा. चोर आला, तर पेन्शनपुरता सोडायचा आणि पगारापुरता धरायचा, की कसं?"

सगळे हसले. काका हसले नाहीत.

"आणि दुसरं," ते म्हणाले, "मी कमी घेतले, की महिन्याभरात एजन्सी या पोराला म्हणणार, म्हातारा एवढ्यात करतो, तुला काय झालं? त्याला तर पेन्शन नाही. मी जागा अडवत असेन तर मला काढा, पोराला दिवसपाळी द्या. मी घरी बसेन. पण जागेचा भाव पाडायला मला उभं करू नका."

आता, अर्थशास्त्र मी तीन वर्षं शिकलो. मजुरीचा दर कसा ठरतो यावर दहा मार्कांचा प्रश्न असायचा. त्याचं उत्तर आकृतीसह लिहून मी सात मार्क मिळवले आहेत. पण पेन्शनवाला माणूस स्वस्त पडला तर मार बिनपेन्शनवाल्याला बसतो, ही गोष्ट त्या आकृतीत कुठे नव्हती. ती हवालदारकाकांनी टोपी काखेत धरून चार वाक्यांत सांगितली. पेन्शन असलेल्याच्या ताटातला लाडू कापायचा, म्हणजे ज्याच्या ताटात लाडूच नाही त्याची भाकरी कापायची. एजन्सीवाल्याला हे गणित आधीपासून येत होतं. म्हणूनच तर तो आपणहून स्वस्तात द्यायला आला होता!

ठराव बारगळला. दोघांनाही पूर्ण दर द्यायचा ठरला. सेक्रेटरींनी "पुढील वर्षी फेरविचार करावा" अशी पुरवणी जोडली, कारण पुरवणीशिवाय ठराव त्यांना उघडा वाटतो. अध्यक्ष गाडीत बसून समितीच्या बैठकीला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जाताना मी वही उघडून पाहिली. नोंद होती : "काल रात्रौ २०.३० वा. सोसायटीची सभा. सुमारे तीस इसम हजर. शाब्दिक बाचाबाची. जीवितहानी नाही. वित्तहानी टळली."

बँकेत पोचल्यावर ही सगळी हकिकत मी मेजरांना सांगितली. वाटलं, हसतील. ते हसले, पण अर्ध्यावर थांबले. म्हणाले, "साहेब, माझा भाचा अग्निवीर आहे. पहिल्याच तुकडीतला."

ही योजना २०२२ च्या जूनमध्ये आली. नोकरी चार वर्षांची. चौघांतला फार तर एक पुढे कायम होतो. बाकीचे साधारण पावणेबारा लाख रुपये घेऊन घरी येतात. पेन्शन नाही. मेजर छत्तिसाव्या वर्षी आजोबा झाले होते. हा पोरगा पंचविशीच्या आतच होणार, आणि तेही रिकाम्या पासबुकाने महिना सुरू करणारा. तोही एखाद्या फाटकावर येईल. त्याची पाठ ताठ असेल, सलाम कडक असेल, वहीतलं अक्षर नीट असेल.

मेजर बंदुकीचा पट्टा खांद्यावर सारखा करत म्हणाले, "आमचं पेन्शन बघून पगार कापायला निघाले, ते समजलं. याला तर पेन्शनच नाही. मग याला तरी वाढवून देतील का हो तुमचे सोसायटीवाले?"

त्या आठवड्यात मी कॅशला होतो. समोर पाचशेंची थप्पी होती. नोटा मोजताना बोललं की आकडा विसरतो, असा आमच्या बँकेत जुना नियम आहे. तो नियम त्या दिवशी मी फार काटेकोरपणे पाळला.